मंगळवारचा मसुदा

बाजारात त्याला कुलूप म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण त्याची पाठ फिरेपर्यंत फारसं कुणी थांबतही नसे.

धंदा करारनामे लिहिण्याचा. त्यातही एकाच जातीचे करारनामे: एकाने दुसऱ्याला काही सांगायचं आणि दुसऱ्याने ते तिसऱ्याला सांगायचं नाही. रुग्णांची बिलं बाहेरून करून घेणारा दवाखाना, कृती दाखवल्याशिवाय भागीदार मिळेना असा साबणवाला, मेहुण्याला हिशेब दाखवायचे आहेत पण मेहुण्याच्या बायकोला त्याचा वासही लागायला नको असा दुकानदार, सगळे घड्याळजीच्या दुकानावरचा अरुंद जिना चढून त्याच्या खोलीत येत. लोक पैसा साठवतात, कुलपाने इतरांची गुपितं साठवली होती. या ठेवीची गंमत अशी की ती रोज वाढते, मोडता मात्र कधीच येत नाही, आणि ज्याची आहे तो परत न्यायलाही येत नाही.

सवय अंगात इतकी मुरलेली की भाजीवालीने "आज दोन जुड्या? पाहुणे आलेत वाटतं?" असं विचारलं तरी तो म्हणे, "त्याविषयी बोलता येणार नाही." पाहुणे नसायचेच. तो दोन दिवसांचं एकदम शिजवायचा.

बायको आजारी होती तेव्हाही त्याने हेच केलं. शेजारणीला कळलं ते ती गेल्यावर. "अहो, एवढ्या आजारी होत्या आणि भिंतीला भिंत लागून आम्हाला पत्ता नाही! एखादा डबा तरी दिला असता मी." तो म्हणाला, "माहिती तिची होती." कलमांच्या दृष्टीने उत्तर बिनचूक होतं. बाकी कुठल्याच दृष्टीने नव्हतं, हे त्याच्या ध्यानात यायला बराच काळ गेला. आणि आलं तेव्हा ते सांगायला समोर कुणी उरलं नव्हतं.

बटणांच्या कारखान्याची मालकीण त्याच्याकडे पहिल्यांदा आली ती एका मंगळवारी. तिला सगळे नुसतं बाई म्हणत. नवऱ्यामागे बाईंनी कारखाना वाढवला होता, आणि तो उभा होता त्यांच्या डोळ्यांवर. गिऱ्हाइकाने आणलेला कापडाचा तुकडा त्या खिडकीशी धरत आणि रंग कालवणाऱ्याला सांगत, "हिरव्यात किंचित राखाडी टाक. किंचित म्हटलं मी, तुझ्या हाताने नको." बटण असं उतरायचं की कापडावर ठेवलं तर हरवावं.

खुर्चीत बसता बसता बाईंनी त्याच्या कोटाकडे पाहिलं. "खालचं बटण तुटलंय तुमचं. टाचणी लावलीय."

"हो."

"तुटलेलं मला लांबूनसुद्धा दिसतं. पण उरलेल्यांचा रंग कोणता, ते विचाराल तर आता छातीठोक सांगता यायचं नाही. त्यासाठीच आलेय."

डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं होतं. बारीक अक्षर जाणार होतं आणि रंग जाणार होते. आधी हिरवा-निळा, मग सावकाश बाकीचे. डॉक्टर तोंडाचा पक्का होता. पण त्याची बिलं करणारी माणसं वेगळी, तारखेची आठवण करून देणारे फोन तिसरीकडूनच येणार.

"परवा घरी फोन आला आणि मुलीने उचलला," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, चुकीचा नंबर असेल. असं किती दिवस म्हणणार? मला दवाखान्याशी असा करार करून द्या की त्यांच्याकडचं झुरळसुद्धा माझ्या घरी फोन करणार नाही."

कुलपाने कागद ओढला. "ही आरोग्याची माहिती म्हणून घालू, की व्यापाराची? दोन्हींची कलमं वेगळी असतात."

"दोन्हींत घाला. माझे डोळे म्हणजेच कारखाना आहे. रंग बघणारीला रंग दिसेना हे कळल्यावर कोण ऑर्डर देणार? पण खरं सांगू का, ते दुय्यम. मला मुलीला कळू द्यायचं नाही." त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "तिला दुसऱ्या शहरात बोलावणं आलंय. रंग बनवणारी मोठी कंपनी, प्रयोगशाळेत काम. डोळा माझा घेतलाय तिने, अक्कल बापाची. बरं झालं, उलटं झालं नाही. तिला माझं हे कळलं तर ती जाणार नाही. ती एकदा गेली की तुम्ही चौकात उभं राहून दवंडी पिटा."

"मग गुप्त काय ठेवायचं ते स्पष्ट सांगा. ते शब्दांत लिहावं लागतं."

"लिहायचं? लपवायचंय म्हणून तर आलेय!"

"लिहिलं नाही तर उद्या समोरचा म्हणेल, हे गुपित होतं हे मला काय माहीत? कुलूप लावायचं तर दार कुठलं ते दाखवावंच लागतं."

बाई हसल्या. "म्हणून तुम्हाला कुलूप म्हणतात होय."

तोंडावर म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

करार झाला, सह्या झाल्या, काम संपलं. पुढच्या मंगळवारी बाई पुन्हा आल्या. दवाखाना थेंबांच्या बाटलीवर त्यांचं नाव छापतो, ते नको, दुरुस्ती करा. त्याच्या पुढच्या मंगळवारी चष्म्याच्या दुकानदाराचं कलम निघालं. मग औषध घरी आणून देणाऱ्याचं. कुलूप इतक्या वर्षांत एवढं शिकला होता की माणूस खऱ्या कामाला येतो तेव्हा उभ्याउभ्या बोलतो. जो पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवतो, त्याला दुसरंच काही हवं असतं. बाई पिशवी अडकवत. अख्ख्या गावात त्यांच्या डोळ्यांविषयी मोकळेपणी बोलता येईल असा, डॉक्टर सोडला तर, एकच माणूस होता. आणि डॉक्टरकडे बाहेर रांग असे.

सुरुवातीला बाई भिंग धरून मसुदा स्वतः वाचत. मग भिंग पिशवीतच राहू लागलं आणि कुलूप मोठ्याने वाचून दाखवू लागला. "उभय पक्ष" असं तो वाचे तेव्हा बाई दर वेळी "कोण कोण?" असं विचारत आणि तो दर वेळी सांगे. दोघांनाही माहीत होतं की हा प्रश्न नाही.

मुलगी आली ती एका शुक्रवारी. तिशीच्या आतली, बोटांच्या टोकांना रंग लागलेला. आपण कोण हे तिने सांगितलं तेव्हा कुलपाने चेहरा होता तसाच ठेवला. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"काका, तुम्ही कुणाला काही सांगत नाही असं सगळे सांगतात."

"सगळे सांगतात म्हणजे तेवढं एक गुपित फुटलं म्हणायचं."

ती हसली आणि लगेच रडवेली झाली. आईची नजर गेली होती. आईने सांगितलं नव्हतं, पण बाटलीच्या काचेसारख्या हिरव्याऐवजी मोरपिशी बटणांचं खोकं बांधून तयार झालं तेव्हा हिला कळलं. तेव्हापासून आई घरी गेली की ही मागे राहायची, दिवसभराचे नमुने एका प्रयोगशाळेत नेऊन यंत्रावर मोजून घ्यायची आणि रंग सुधारून ठेवायची. प्रयोगशाळा इतर बटणवाल्यांचंही काम करत होती. तिथून बाहेर फुटू नये म्हणून करार हवा होता.

शहाण्या माणसाने अशा वेळी हात जोडावेत. आई एका बाजूला, मुलगी दुसऱ्या, आणि मध्ये आपण. पण "तुमचं काम मला घेता येत नाही" म्हटलं असतं तर मुलीने विचारलं असतं, का? आणि अशा ठिकाणी नाही म्हणणं हेसुद्धा सांगणंच असतं. कुलपाने कागद ओढला.

"आईशी सरळ का बोलत नाही तुम्ही?" त्याने विचारलं. करारासाठी या प्रश्नाची गरज नव्हती.

"तिला वाटतं अजून सगळं जमतंय. त्यावरच तर ती सकाळी उठते. मी तिला काय सांगू, की तू दिवसभर करतेस ते मी संध्याकाळी पुसते?" तिने अंगठ्याचा रंग खरवडला. "मला एक नोकरी आली होती, काका. महिनाअखेर कळवायचंय. नाहीच म्हणणार. आई मला रोज टोमणे मारते, गोचिडीसारखी घराला चिकटलीस म्हणून. मारू दे."

नंतर तीही शुक्रवारी येऊ लागली. नमुन्याच्या पाकिटावर नाव नको, खूण घाला. खूण नको, नुसता आकडा घाला. तिनेही पिशवी खुर्चीला अडकवली, त्याच बाजूला.

असं कुलपाचं बस्तान बसलं. मंगळवारी आई मुलीची काळजी सांगे, शुक्रवारी मुलगी आईची. एकाच घरात दोघी एकमेकींपासून डोळे लपवून जेवत होत्या, आणि त्यांच्यामध्ये जी भिंत होती तिच्या विटा या खोलीतून जात होत्या, शुद्ध भाषेत, सहीशिक्क्यानिशी. एक वाक्य पुरलं असतं. तेवढं एक वाक्य बोलायला अख्ख्या गावात एकाच माणसाला बंदी होती, कारण ते माहीतही त्या एकालाच होतं.

आता हिशेबाने बघायचं तर दुसरीही बाजू होती, ती कुलूप स्वतःपासूनही लपवत नसे. भिंत पडली तर दोघींना इथे यायचं कारण उरणार नव्हतं. बायको गेल्यानंतर आठवड्यातले हेच दोन दिवस असे होते की ज्यांना नाव होतं. बाकीचे नुसते येत आणि जात.

महिनाअखेरच्या आधीच्या शुक्रवारी मुलगी म्हणाली, "बुधवारी नकाराचं पत्र टाकते. एकदाचं सुटलं."

"टाकण्याआधी घरी एकदा..."

"काका, तुम्ही तर कुणाला काही सांगा असं कधी म्हणत नाही."

त्याने मान खाली घातली.

सोमवारी संध्याकाळी तो बाईंसाठी नवा मसुदा करायला बसला. त्याच्या धंद्यात सगळ्यात लाजिरवाणी चूक एकच: मागच्या करारावर पुढचा करार चढवताना मागच्याचं एखादं वाक्य तसंच राहून जाणं. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते गृहस्थ म्हणत, साचा धुतल्याशिवाय दुसरं ओतू नये. कुलूप नेहमी कोऱ्या साच्यापासून सुरुवात करी आणि झालेला मसुदा शेवटच्या कलमाकडून उलटा तपासत येई. त्या दिवशी मात्र कारखान्याचं वर्णन आयतं मिळतंय म्हणून त्याने मुलीचा, शुक्रवारचाच कागद पुढे घेतला. आणि सकाळी तपासणीच्या वेळेत तो दुसरंच करत बसला: बाईंची खुर्ची उजेडाकडे सरकवली, मग उजेड डोळ्यांवर येईल म्हणून मागे घेतली, टवका न उडालेला दुसरा कप शोधला, केस विंचरले. करार लिहिणाऱ्याने केस विंचरावेत असं कुठल्या कलमात नाही.

बाई आल्या. जिन्यावर दर पायरीला पाय चाचपून ठेवल्याचा आवाज आला. पिशवी खुर्चीला लागली.

"पोरगी हलत नाही हो जागची," त्या म्हणाल्या. "काल तिला म्हटलं, तुझ्या वयाची मी असते तर अंगावरच्या कपड्यानिशी निघाले असते. नुसती हसली. मला वाटतं तिच्यात धमकच नाही. एवढी मेहनत करून मी तिच्यासाठी वाट मोकळी ठेवतेय, आणि ही बसून. जाऊ दे, वाचा."

कुलूप वाचू लागला. उभय पक्ष झाले. "कोण कोण?" झालं. मग व्याख्येचं कलम आलं.

"गुप्त माहिती म्हणजे, मालकीणबाईंना रंगांतला फरक दिसेनासा झाला आहे ही गोष्ट, आणि..."

तो थांबला. पुढची ओळ शुक्रवारची होती.

बाई कपाकडे पाहत होत्या, म्हणजे कप असावा त्या दिशेला. त्यांच्या हातात कागद दिला असता तरी त्यांना पांढऱ्यावर राखाडी रेघा दिसल्या असत्या. "आणि" हा शब्द गिळून पुढच्या कलमावर उडी मारली असती तर जगात कुणालाही कळलं नसतं. बुधवारी नकाराचं पत्र गेलं असतं, शुक्रवारी मुलगी आली असती, मंगळवारी बाई. नवी दुरुस्ती, नवा चहा. त्याचं नाव, त्याचा धंदा, त्याचे दोन वार, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. गप्प राहणं त्याला येत होतं. आयुष्यात तेवढंच तर येत होतं.

"आणि काय?" बाई म्हणाल्या.

"आणि त्यांची मुलगी," त्याने वाचलं, एकेक शब्द सुटा करून, "रोज संध्याकाळी नमुने तपासून घेऊन, रंग त्यांच्या नकळत दुरुस्त करते ही गोष्ट."

खाली घड्याळजीच्या दुकानात कसलातरी गजर वाजला आणि बंद झाला.

"पुन्हा वाचा," बाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा वाचलं.

"हे माझ्या करारातलं नाही."

"नाही."

"चुकून राहिलं."

"लिहिण्यात चुकून राहिलं."

बाईंनी मान त्याच्या आवाजाच्या दिशेने वळवली. "आणि वाचण्यात?"

कुलपाने कागद खाली ठेवला.

"मला काय दिसणार होतं, कुलूपराव? गाळून टाकायचं होतं."

"गाळता आलं असतं."

बाई कितीतरी वेळ हाताने पिशवीचा बंद चाचपत बसल्या. मग एकदम हसल्या, पण ते हसू नीट जमलं नाही. "संध्याकाळी उशिरा येते, बोटं लपवते. मला वाटलं कुणी मुलगा आहे. मनातल्या मनात मी त्याला जावईसुद्धा करून टाकला होता." मग आवाज खाली गेला. "आणि मला वाटत होतं माझे डोळे तग धरून आहेत. डॉक्टर म्हणतो इतके गेले, तितके गेले. मी म्हणत होते, तुझं यंत्र बिघडलंय बाबा. माझं एक बटण परत आलेलं नाही. एकही गिऱ्हाईक तक्रार करत नाही." त्यांनी दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले. "ते तिचं होतं होय."

कुलपाला तेव्हा समजलं की आपण मुलीचं गुपित तर दिलंच, पण बाईंकडून जे काढून घेतलं त्याची नोंद कुठल्याच मसुद्यात होणार नव्हती.

"बाई," तो म्हणाला, "ज्याची माहिती माझ्याकडून फुटली त्याला मी कळवायचं असतं. मी कराराने बांधलेला आहे. मला तिला आजच..."

"ते मी कळवते," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "तुम्ही नका मध्ये येऊ. पुष्कळ दिवस होतात मध्ये."

पिशवी काढताना ती खुर्चीला अडकली. तो पुढे झाला, तोवर त्यांनी ती सोडवली होती. जिन्यावर त्यांनी एकदा हाक मारली, "चहा चांगला होता हो." चहा त्यांनी प्यायला नव्हता.

शुक्रवारी मुलगी आली नाही. शनिवारी एकाच पाकिटातून दोन कागद आले. दोन्ही करार, आईचा आणि मुलीचा, संपवत असल्याबद्दल. दोन्हींवरचं अक्षर मुलीचं होतं. आईची सही ओळ सोडून तिरकी खाली गेली होती. बाकी एक शब्द नव्हता. रागावल्या असतील, नसतील. करार संपवायला कारण द्यावं लागत नाही, ते कलम त्यानेच घातलं होतं. करार संपला तरी बंधन राहतं, हेही त्याचंच कलम. त्यामुळे मुलगी गेली की राहिली, हे त्याला कुणाला साधं विचारताही येईना. विचारणं म्हणजे आपल्याला काही माहीत आहे हे सांगणं.

बाजारात त्याचं नाव अजून कुलूपच होतं. ते आता खरं नाही हे ज्या दोघींना ठाऊक होतं, त्या बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. नवी माणसं त्याची कीर्ती ऐकून जिना चढत, उभ्याउभ्या बोलत आणि उतरून जात. मंगळवारी तो सकाळी खुर्ची उजेडाकडे सरकवी, मग जागेवर नेऊन ठेवी. खालच्या घड्याळजीने एकदा डोळा बारीक करून विचारलं, "काय हो, मंगळवारच्या बाई दिसत नाहीत हल्ली? भांडलात की काय?"

"त्याविषयी बोलता येणार नाही."

थंडी सुरू झाली तेव्हा कोट पुन्हा बाहेर निघाला, टाचणीसकट. त्याच सुमारास बोटाच्या पेराएवढं एक पुडकं आलं. आत कागद नव्हता, नाव नव्हतं. एक बटण होतं, कोटाच्या बटणांच्याच मापाचं, चार भोकांचं, कडेला तशीच बारीक गोल रेघ. पाहिल्याबरोबर कोणालाही वाटावं की त्याच जोडातलं.

त्याने ते खिडकीशी नेलं आणि कोटाच्या वरच्या बटणाला लावून पाहिलं. वरचं शेवाळी होतं. हे त्याच घराण्यातलं, पण निळ्याकडे गेलेलं. फार नाही, किंचित. ज्याने कालवलं त्याने मन लावून कालवलं होतं, आणि त्याला ते जुळलेलंच दिसलं होतं.

कुलूप बराच वेळ उजेडात उभा राहिला. मुलगी तिथे असती तर हे बटण कारखान्याच्या दाराबाहेर पडलं नसतं. संध्याकाळी तिने ते दुरुस्त केलं असतं.

म्हणजे ती गेली होती. आणि बाई दिवसभर स्वतःच रंग कालवत होत्या, मागे पुसायला कुणी नसताना.

त्याने सुईत दोरा ओवला. टाचणी काढली, बटण लावलं, गाठ मारली, दातांनी दोरा तोडला. कोट घालून तो खाली उतरला. घड्याळजी दारातच काच पुसत बसला होता. त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बटण लावलंत वाटतं एकदाचं. पण जुळत नाही हो. डोळे तपासून घ्या, साहेब."

कुलपाच्या जिभेवर वाक्य आलं. नेहमीचं नव्हे, दुसरंच, लांबलचक, ज्यात एक आई होती, एक मुलगी होती आणि शेवाळी रंग होता. त्याने ओठ उघडलेसुद्धा. पण तोवर घड्याळजीने भिंग डोळ्यात बसवलं होतं आणि मान कुणाच्यातरी घड्याळात घातली होती.